नळीतला पीळ

मागच्या वर्षी गणेशोत्सवात आपल्या मंडळातल्या मुलांना १८५७ ची गोष्ट सांगायचे काम माझ्याकडे आले होते. मी ठरलेल्या वाटेने गेलो. मंगल पांडे, मीरत, दिल्ली, झाशी, काल्पी, ग्वाल्हेर. काडतुसांना लावलेल्या गाईच्या आणि डुकराच्या चरबीची गोष्ट सांगताना आवाजही थोडा चढवला. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या आठवीच्या एका मुलाने हात वर केला. "काका, पण गोळीला चरबी लावायचीच कशाला? आधीच्या बंदुकांना लावत होते का?"

मी म्हणालो, "गोळी नळीत नीट जावी म्हणून."

"मग आधी नीट जात नव्हती का?"

आरतीची वेळ झाली म्हणून मी वाचलो. पण घरी येताना मनाला लागून राहिले. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, राज्य सरकारच्या नोकरीत पंप, व्हॉल्व्ह आणि पाइपांच्या हिशेबात वीस वर्षे काढलेला साधा उपयंत्री. पण हा प्रश्न इतिहासाचा कमी आणि माझ्याच धंद्याचा जास्त होता, आणि तरी मला त्याचे उत्तर येत नव्हते. वर्षभर जमेल तसे वाचले. त्या मुलाला द्यायचे उत्तर लांबत लांबत या लेखाएवढे झाले.

उत्तर एका शब्दात सांगायचे तर ‘पीळ’. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात तोच शब्द. १८५७ मध्ये आलेल्या नव्या बंदुकीच्या नळीला आतून पीळ होता, आधीच्या बंदुकीला नव्हता. चरबी आली ती या पिळामुळे.

आधीची बंदूक कशी होती ते पाहू. मराठी फौजांतली तोड्याची बंदूक घ्या, महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींची घ्या, नाहीतर इंग्रजांची ‘ब्राऊन बेस’ घ्या, बहुतेकांची नळी आतून पाण्याच्या पाइपासारखी गुळगुळीत असे. ब्राऊन बेसच्या नळीचा आतला व्यास सुमारे ०.७५ इंच आणि शिशाची गोल गोळी सुमारे ०.६९ इंच. म्हणजे गोळी नळीत चक्क सैल. सैल का? तर दोन-चार बार झाले की जळालेल्या दारूची काजळी नळीत साचते, तरी गोळी पटकन गजाने खाली ढकलता यावी म्हणून. सरावाचा शिपाई मिनिटाला तीन बार काढू शके.

पण सैल गोळी नळीतून बाहेर पडताना या भिंतीवर, त्या भिंतीवर आपटत येते. शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल तशी ती गरगरते, आणि तो धक्का कुठल्या बाजूला बसेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. फिरणारा चेंडू हवेत वळतो हे क्रिकेट पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गोळीचे तेच होते. जॉर्ज हँगर नावाच्या इंग्रज कर्नलने १८१४ मध्ये लिहून ठेवले आहे की साधी मस्केट ८० यार्डांवर, फार तर १०० यार्डांवर माणसाला लागेल, पण २०० यार्डांवर नेम धरणे म्हणजे चंद्रावर नेम धरणे. म्हणून तर त्या काळी पलटणी खांद्याला खांदा लावून उभ्या राहत आणि एकदम बार काढीत. एकाचा नेम नाही लागत, तर शंभरांतल्या काहींचा लागेल, हा हिशेब.

चेंडू वळण्याचे हे कारण बंदुकीच्या बाबतीत प्रथम नीट दाखवून दिले बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. त्याने मस्केटची नळी तोंडाशी डावीकडे वाकवली आणि ओळीने लावलेल्या कागदांच्या पडद्यांतून गोळी मारली. गोळी आधी डावीकडे गेली आणि पुढे उलट उजवीकडे वळली. गोळी नळीच्या एका भिंतीला घासत आल्यामुळे फिरत होती, आणि फिरत होती म्हणून वळत होती. याच माणसाने १७४७ मध्ये पिळाच्या नळीवर निबंध वाचला आणि त्यात बजावले की जे राष्ट्र या नळीचे मर्म ओळखून आपल्या फौजेला ती देईल, त्याला इतरांवर मोठी सरशी मिळेल. पुढे कंपनी सरकारने त्याला किल्ल्यांच्या दुरुस्तीसाठी हिंदुस्थानात पाठवले आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तो वारला. त्याचे भाकीत खरे ठरायला मात्र शंभर वर्षे लागली, आणि त्यातला एक मोठा अध्याय आपल्याच माळवा-बुंदेलखंडात घडला.

आता पीळ म्हणजे काय ते सांगतो. पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये आम्हाला लेथवर आटे पाडायला शिकवत. इंदुरात त्याला सगळे चूडीच म्हणतात, पण घरी वडील आटे म्हणत. एका फेऱ्यात आटा जितका पुढे सरकतो ती त्याची चाल. साध्या नटाची चाल मिलिमीटर-दोन मिलिमीटर असते. रायफलची नळी म्हणजे असा नट समजा की ज्याची चाल ओढून ओढून काही फूट केली आहे. नळीच्या आत लांबच लांब, हळूहळू वळत जाणाऱ्या खाचा. गोळीचे शिसे या खाचांत रुतते आणि गोळी पुढे जाताना खाचांबरोबर वळते. बाहेर पडल्यावर खाचा संपतात, पण वळणे संपत नाही.

१८५३ च्या एनफील्ड रायफलला अशा तीन खाचा होत्या आणि त्यांचा पीळ ७८ इंचांत एक वळसा असा होता. नळी ३९ इंचांची. म्हणजे गंमत बघा, नळीच्या आत गोळी पुरता एक वळसाही घेत नाही, बरोबर अर्धाच घेते. पण ती सेकंदाला सुमारे ९०० फूट वेगाने निघत असल्यामुळे बाहेर पडताना सेकंदाला १३८ गिरक्या घेत असते. आपल्या घरातला छताचा पंखा सेकंदाला पाच-सहा फेरे घेतो.

गिरकीने काय साधते? भोवरा आठवा. थांबलेला भोवरा टोकावर उभा राहत नाही, फिरता राहतो. त्याला कोणी बोटाने ढोसले तरी तो पडत नाही, डुलत डुलत पुन्हा सरळ होतो. गोळीचेही तसेच. गोळी ठरलेल्या एका आसाभोवती फिरते, त्यामुळे तिला मर्जीप्रमाणे वळता येत नाही. शिवाय, आणि हे जास्त महत्त्वाचे, आता गोळी गोलच असली पाहिजे असे राहत नाही. लांबट, टोकदार गोळी त्याच जाडीत जास्त वजन नेते आणि हवा जास्त चांगली कापते. पण लांबट गोळी न फिरवता मारली तर हवेचा दाब तिच्या नाकावर बसतो, वजन मागे असते, आणि ती कोलांट्या खाऊ लागते. निशाणाच्या कागदावर मग गोल भोकाऐवजी आडवे, लांबट भोक पडते. पीळ तिला नाक पुढे ठेवून चालायला लावतो.

मग हे आधीच का केले नाही? केले होते. युरोपात पिळाच्या नळ्या तीनशे वर्षे आधीपासून होत्या, शिकाऱ्यांकडे. अडचण भरण्याची होती. खाचांत शिसे रुतायचे तर गोळी घट्ट हवी. घट्ट गोळी नळीच्या तोंडातून खाली न्यायची तर तेल लावलेल्या चिंधीत गुंडाळून गजाने, कधी हातोडीने ठोकत न्यावी लागे. शिकाऱ्याला हरकत नाही, पण समोरून घोडदळ येत असताना शिपायाला कसे परवडेल? इंग्रजांनी १८०० च्या सुमारास बेकर रायफल काढली, तिचा पीळ मुद्दाम सौम्य ठेवला, ३० इंचांच्या नळीत फक्त पाव वळसा. ती थोड्या निवडक पलटणींपुरतीच राहिली. मग ब्रन्सविक काढली, दोन खाचांची, ३० इंचांत पूर्ण वळसा, गोळीच्या कमरेला पट्टा. तो पट्टा खाचांत बसवून गोळी ढकलताना काजळी साचली की शिपाई घामाघूम होत.

तेव्हा कोडे असे होते. भरताना गोळी सैल हवी आणि सुटताना घट्ट हवी. याच्या उत्तराची एक वाट दक्षिण हिंदुस्थानातून गेली आहे. जॉन नॉर्टन हा ३४ व्या पलटणीचा कॅप्टन दक्षिणेत असताना तिथले शिकारी फुंकनळीने बाण मारताना पाही. बाणाच्या बुडाला मऊ, लवचीक गाभ्याचा तुकडा असे. फुंकर बसली की तो फुगे, नळीला घट्ट बसे आणि हवा वाया जात नसे. त्यावरून १८२३ मध्ये त्याने पोकळ बुडाची लांबट गोळी केली. बार होताच आतल्या वायूच्या दाबाने बूड फुगते आणि खाचांत रुतते. इंग्रज सरकारने ती नाकारली. १८४९ मध्ये मिनिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने तशीच गोळी केली, तेव्हा त्याच सरकारने त्याला २०,००० पौंड मोजले. घरच्याने सांगितलेले कानात शिरत नाही आणि बाहेरून तेच आले की मोठ्या रकमेला मंजुरी मिळते, हा अनुभव सरकारी कचेऱ्यांना नवा नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. एनफील्डच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच आणि गोळी ०.५६८ इंच. फट इंचाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. ब्राऊन बेसची फट याच्या सहापट होती. एवढ्या बारीक फटीतून, काजळी धरलेल्या खाचांवरून गोळी सुखाने खाली जायला हवी आणि सुटताना शिसे खाचांना चिकटून राहू नये, म्हणून काडतुसाचा गोळीकडचा कागद मेण आणि चरबीत बुडवलेला असे. शिपायाने दुसरे टोक दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, मग चरबीच्या कागदासकट गोळी आत सारायची. गुळगुळीत नळीच्या सैल गोळीला यातले काही लागत नव्हते. तेव्हा बाळ, आधी नीट जात होती, पण नीट लागत नव्हती. नीट लागावी म्हणून पीळ आला, पिळासाठी घट्ट गोळी आली आणि घट्ट गोळीसाठी चरबी आली. ती कुठल्या जनावराची आहे हे विचारण्याची तसदी मात्र कोणी घेतली नाही. यंत्राचा हिशेब पक्का होता, माणसांचा चुकला.

ही बातमी आपल्या भागात कशी पसरत होती ते ‘माझा प्रवास’मध्ये वाचायला मिळते. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले होते. आपल्या महूच्या छावणीशी त्यांची शिपायांशी गाठ पडली आणि काडतुसांची हकीगत व येऊ घातलेल्या बंडाची कुणकुण त्यांना तिथेच लागली. भारताचार्य चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये ते पुस्तक छापले. ज्यांच्या घरी असेल त्यांनी महूची पाने पुन्हा काढून पाहावीत. एका भिक्षुकाच्या कानावर पडलेली ही गोष्ट मुळात लेथवरच्या चालीशी जोडलेली आहे हे आता मला वाचताना सारखे जाणवते.

पुढचे सर्वांना माहीत आहे. १ जुलै १८५७ ला इंदुरात सआदत खानाच्या पुढाकाराने रेसिडेन्सीवर होळकरांच्याच तोफा चालल्या, कर्नल ड्युरंडने सिहोरची वाट धरली आणि त्याच रात्री महूची २३ वी देशी पलटण उठली. पण एक गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. ज्या रायफलवरून बंड पेटले ती रायफल देशी पलटणींच्या हातात फारशी आलीच नव्हती. डमडम, अंबाला, सियालकोट इथल्या शिक्षणकेंद्रांवर निवडक शिपायांना ती दाखवली जात होती, तेवढेच. शिपाई लढले ते जुन्या गुळगुळीत बंदुकांनी. आणि त्यांच्या समोर उभ्या राहिलेल्या गोऱ्या पलटणींकडे एनफील्ड होती.

चाळीस वर्षांपूर्वी असे नव्हते. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकर हरले, पण दोन्हीकडच्या बहुतेक बंदुका एकाच जातीच्या होत्या आणि होळकरांच्या तोफांनी इंग्रजांचे भरपूर नुकसान केले. हार झाली ती फंदफितुरीने, पुढाऱ्यांतल्या बेबनावाने. १८५८ मध्ये मात्र शौर्य आणि बेबनाव यांच्या जोडीला तिसरी गोष्ट आली. एका बाजूची गोळी शंभर यार्डांवर भरकटत होती, दुसऱ्या बाजूच्या बंदुकीवर ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. इतक्या लांबून नेम क्वचितच लागे, पण चारशे-पाचशे यार्डांवर उभा राहिलेला जमाव आता सुरक्षित नव्हता.

डिसेंबर १८५७ मध्ये सर ह्यू रोज इथे आला आणि महू व सिहोर अशा दोन ठिकाणांहून त्याची फौज निघाली. १ एप्रिल १८५८ ला बेतवेच्या काठी तात्या टोप्यांच्या वीसेक हजारांच्या फौजेला त्याने दीड हजारांनिशी मागे लोटले. तोफखाना आणि घोडदळ यांचा त्यात मोठा हात होता, सगळे श्रेय रायफलला देणे चुकीचे होईल. पण रोज स्वतःच काल्पीच्या आपल्या अहवालात कबूल करतो की आपली संख्या कमी असल्याची भरपाई एनफील्ड रायफलने बरीचशी केली होती. आणि तिथेच तो पुढचे सांगतो, ज्यासाठी मी हे सगळे लिहितो आहे. काल्पीला ती भरपाई संपली. मे महिन्यातले बुंदेलखंडचे ऊन, त्यात काडतुसे खराब झाली, गोळ्या नळीत जाईनात, नेम भरवशाचा राहिना. २२ मे ला गोलावलीच्या लढाईत रावसाहेब आणि राणीच्या फौजेने अशी चढाई केली की इंग्रजांची एक बाजू मोडायच्या बेतात आली होती. उंटांवरची तुकडी वेळेवर येऊन पोहोचली म्हणून ते निभावले. पीळ चालेना तेव्हा दोन्ही बाजू पुन्हा १८१७ सारख्या बरोबरीला आल्या, आणि तेवढ्या तासा-दोन तासांत काय होऊ शकले असते हे दिसले. त्यानंतर इंग्रजांनी एनफील्डची गोळी ०.५६८ वरून ०.५५ इंच केली. शाळेच्या पुस्तकात हे कुठे नसते, पण आपल्या उन्हाने त्यांच्या कारखान्याचे माप बदलायला लावले.

बंड मोडल्यावर इंग्रजांनी जे केले ते मला सगळ्यात बोलके वाटते. देशी पलटणींसाठी त्यांनी १८५८ नमुन्याची नवी बंदूक काढली. दिसायला हुबेहूब एनफील्ड. तोच दस्ता, तीच नळी, तोच चाप. फक्त आतून नळी ०.६५६ इंचांपर्यंत पोखरून गुळगुळीत केलेली आणि लांबचा नेम धरायची शिडी काढून टाकलेली. परेडवर उभा असलेला शिपाई आणि शेजारचा गोरा सोल्जर यांच्या खांद्यावर लांबून पाहणाऱ्याला सारखीच बंदूक दिसे. फरक आत डोकावले तरच कळे. राज्य कसे करावे याची इतकी स्वच्छ आकृती मी दुसरी पाहिली नाही. तोफखानाही, डोंगरी तोफांसारखे अपवाद सोडले तर, गोऱ्यांकडेच ठेवला.

पुढे कित्येक वर्षे देशी शिपाई एक पिढी मागे राहील अशीच व्यवस्था होती. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली, २२ इंचांत एक वळशाची, तेव्हा आपल्यांना स्नायडर, म्हणजे मागून भरायची सोय केलेली तीच जुनी ७८ इंची पिळाची एनफील्ड. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदला मुंबई फौजेच्या ग्रेनेडियर आणि जेकब्ज रायफल्स या पलटणी कापल्या गेल्या. त्यांच्या हातात स्नायडर होती, बाजूच्या गोऱ्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी. त्या दिवशी ६६ वी पलटणही वाचली नाही, तेव्हा निकाल पिळाने लागला असे म्हणवत नाही. पण मुंबई फौजेत आपल्या कोकण-देशावरचे लोक किती होते ते आठवले की ही वाटणी डोळ्यांत सलते.

७८ वरून २२ कसे झाले? पीळ किती असावा याचे गणित दरम्यान लोकांना उलगडत होते. १८५७ मध्येच, इकडे काडतुसांवरून रान पेटलेले असताना, तिकडे इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रकाराने षट्कोनी नळीची, २० इंचांत एक वळसा घेणारी रायफल एनफील्डच्या शेजारी ठेवून चालवून दाखवली. हा तोच व्हिटवर्थ, ज्याच्या नावाचे आटे आमच्या जुन्या पाइपांवर अजून सापडतात आणि आमचे पाने बसत नाहीत. ५०० यार्डांवर एनफील्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी सव्वादोन फूट भरकटल्या, व्हिटवर्थच्या साडेचार इंच. फौजेने ती घेतली नाही, महाग होती आणि काजळी लवकर धरी. पण धडा मिळाला. गोळी बारीक आणि लांब करा आणि पीळ घट्ट करा.

१८७९ मध्ये जॉर्ज ग्रीनहिल या गणिताच्या प्राध्यापकाने त्याचे सूत्र बांधले. ते इतके सोपे आहे की पाहुण्यांनी पाठवलेल्या लग्नपत्रिकेच्या मागे करता येईल. गोळीची लांबी तिच्या जाडीच्या किती पट आहे ते काढा. १५० ला त्या आकड्याने भागा. उत्तर येईल तितक्या जाड्यांच्या अंतरात एक वळसा हवा. वजनाचा प्रश्नच नाही, लांबीचा आहे. जितकी लांब गोळी तितका घट्ट पीळ, कारण लांब गोळीला उलटवायला हवेच्या हातात मोठी तरफ मिळते. व्हिटवर्थच्या ०.४५ इंची, साधारण तिप्पट लांब गोळीसाठी उत्तर येते साडेबावीस इंच. त्याने सूत्र नसताना हाताच्या अंदाजाने २० धरले होते.

मग कितीही घट्ट पीळ द्यावा का? नाही. गोळी जराशी वाकडी ओतली गेली असेल, एका बाजूला जड असेल, तर जास्त गिरकीने तो दोष वाढतो. वॉशिंग मशिनमध्ये ओली चादर एका बाजूला गोळा झाली की मशिन कसे नाचते, तसे. फार घट्ट पिळात मऊ शिसे खाचांत रुतण्याऐवजी सोलून निघते. म्हणूनच पुढे गोळीवर तांबे-निकेलचे कवच आले.

आपल्या पोलीस चौक्यांत कालपर्यंत दिसणारी थ्री-नॉट-थ्री हे त्या कवचाच्या गोळीचे अपत्य. पाच खाचा, डावीकडे वळणाऱ्या, १० इंचांत एक वळसा. सेकंदाला २,४४० फूट वेगाने सुटणारी तिची गोळी सेकंदाला २,९०० हून जास्त गिरक्या घेते. एनफील्डच्या वीसपट. तिच्या नंतरच्या टोकदार गोळीत एक युक्ती होती, टोकाच्या आत शिशाऐवजी ॲल्युमिनियम किंवा लाकडाचा भुसा दाबलेला असे. त्यामुळे नाक हलके, बूड जड, आणि वजनाच्या मानाने गोळी लांब. ग्रीनहिलचे सूत्र लावले तर साडेअकरा इंचांच्या आसपास उत्तर येते, म्हणजे १० इंची पीळ तिला पुरून उरतो. ही रायफल बंगालमध्ये ईशापूरला १९०७ पासून बनू लागली. गोळ्या पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात बनत, जो १८६९ पासून आहे. ज्या सरकारने देशी शिपायाच्या नळीतला पीळ पोखरून काढला होता, त्याच सरकारला पन्नास वर्षांनी देशी कारागिराच्या हातून पीळ पाडून घ्यावा लागला.

स्वातंत्र्यानंतरची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती बऱ्याच जणांना फौजेतल्या नातेवाइकांकडून माहीत असेल. १९७१ च्या लढाईतली ७.६२ ची सेल्फ लोडिंग रायफल १२ इंची पिळाची होती. त्यानंतर सगळे जग ५.५६ मिलिमीटरच्या लहान गोळीकडे गेले, आपली इन्सासही त्यातलीच. या गोळीने पिळाचा धडा पुन्हा शिकवला. अमेरिकन एम-१६ चा पीळ सुरुवातीला १४ इंचांत एक असा होता. बर्फाळ प्रदेशातल्या चाचणीत गोळ्या डुलू लागल्या, कारण थंड हवा दाट असते आणि दाट हवेत जास्त गिरकी लागते. पीळ १२ केला. पुढे लांब गोळी आली तेव्हा थेट ७. उलट कारगिलसारख्या उंचीवर हवा विरळ, तिथे गोळी जास्त स्थिर चालते आणि सपाटीच्या सवयीने धरलेल्या नेमापेक्षा वर लागते.

महूत आता फौजेचे नेमबाजीचे केंद्र आहे, आर्मी मार्क्समनशिप युनिट. जिथे गोडसे भटजींनी काडतुसांची कुजबुज ऐकली, तिथेच सराव करून सुभेदार विजय कुमार २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलात रौप्यपदक घेऊन आले. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरकडच्या, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. याच प्रकारात आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्याचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमरही उतरला होता. त्या सामन्याची गोळी पॉइंट टू-टूची, अगदी साधी, शिशाची, जाडीच्या दुप्पट लांब. सूत्र लावून पाहा, साधारण साडेसोळा इंच येतात, आणि त्या रायफलींचा पीळ साधारण तेवढाच असतो. दीडशे वर्षांपूर्वीचे लग्नपत्रिकेवरचे गणित अजून जसेच्या तसे चालते आहे. त्या दिवशी दुपारी टीव्हीसमोर बसून मी घरच्यांना हे समजावायचा प्रयत्न केला, पण नेमबाजीपेक्षा माझ्या बोलण्याचा व्यत्यय होतो आहे असे मला सांगण्यात आले.

तो मुलगा आता नववीत आहे. गेल्या महिन्यात जिन्यात भेटला तेव्हा मी हे सगळे उभ्या उभ्या सांगितले, भोवऱ्यापासून ग्रीनहिलपर्यंत. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "काका, मग रणगाड्याच्या तोफेला पण पीळ असतो का?"

या वेळी उत्तर येत होते. आपल्या अर्जुन रणगाड्याच्या १२० मिलिमीटरच्या तोफेला असतो. टी-९० च्या १२५ मिलिमीटरच्या तोफेला नसतो, ती आतून अगदी गुळगुळीत, ब्राऊन बेससारखी. कारण चिलखत फोडणारा तिचा गोळा म्हणजे जाडीच्या कितीतरी पट लांब अशी धातूची सळईच असते. ग्रीनहिलच्या सूत्राने तिला इतका घट्ट पीळ लागेल की तो देण्यात अर्थ नाही. म्हणून तिला मागे पंख लावतात आणि बाणासारखी न फिरवता सोडतात.

"म्हणजे फुंकनळीच्या बाणासारखी?" तो म्हणाला.